सिकेटरचं म्यान आणि एअरब्रशचा पहिला हात

प्रश्न : काका, नमस्कार. आमची निफाड तालुक्यात साडेचार एकर द्राक्षबाग आहे. छाटणीच्या दिवसांत सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, सकाळपासून हातात, आणि हातात नसलं की खिशात. साडीवर यांचा जुना फुलशर्ट घालून मी बागेत उतरते. त्या शर्टाचा खिसा सिकेटरच्या टोकानं दोनदा फाटला, एकदा टोक बरगडीला लागलं. म्हणून या उन्हाळ्यात कातड्याचं म्यान शिवायला शिकले, कमरेच्या पट्ट्यात अडकवायचं. साल-हिरड्यावर कमावलेलं साडेतीन मिलिमीटर जाडीचं कातडं मागवलं, दोन सुयांनी शिवलं, ओलं करून आत सिकेटर घालून दाबून आकार दिला. दोन म्यानं झाली, एक माझं, एक सासऱ्यांचं. आकार छान धरलाय, पण आतल्या धातूच्या जागी बाहेरून निळे-काळे डाग उमटलेत. मला कडा गडद आणि मध्ये फिका असा रंग हवा आहे. त्यासाठी लहान कॉम्प्रेसरसह एअरब्रशचा, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनाएवढ्या ब्रशचा, संच घेतला, नोझल ०.३ मिलिमीटरचं. रंग स्पिरिटचा आहे. तुकड्यावर मारून पाहिला तर आधी कोळ्याच्या पायांसारखे ओघळ पसरले. मग प्रेशर वाढवून ब्रश लांब धरला, तेव्हा धुक्यासारखा सुंदर रंग बसला. पण सुकल्यावर हात फिरवला की बोटाला लागतो. सासरे पांढऱ्या पायजमा-शर्टाशिवाय काही घालत नाहीत. म्यानावर अजून रंगाचा थेंबही टाकलेला नाही, धीर होत नाही. ऑक्टोबर छाटणीच्या आत व्हायला हवं. पहिल्यांदा मारताना नेमकं काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही तुकड्यावर थांबलात हे फार चांगलं केलंत. दोन्ही म्यानं सुखरूप आहेत, आणि तुमच्या पत्रातच अडचणीचं मूळ सापडतं. प्रेशर वाढवलं, ब्रश लांब धरला, रंग धुक्यासारखा बसला, आणि तोच बोटाला लागला. या चारही गोष्टी एकाच दोरीत ओवलेल्या आहेत.

हे मी तुम्हाला बागेवरून सांगतो, कारण फवारणी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त केली आहे. भर दुपारी, वाऱ्यात, बारीक नोझल लावून आणि प्रेशर चढवून कुणी औषध मारायला लागलं तर तुम्ही त्याला थांबवाल. थेंब इतका बारीक होतो की पानावर पोचायच्या आत त्यातलं पाणी उडून जातं. एअरब्रशमध्ये तर पाण्याऐवजी स्पिरिट आहे, ते पाण्याच्या कितीतरी आधी उडतं. तुम्ही लांबून जोरात मारलेला रंग हवेतच सुकला आणि कातड्यावर पडली ती कोरडी भुकटी. दिसायला ती मऊ, एकसारखी, अगदी हवी तशी. पण कातड्यानं ती प्यायलेलीच नाही. रंग कातड्यात उतरण्यासाठी तो ओला असताना कातड्याला भेटावा लागतो. एअरब्रशचं काम फक्त तिथपर्यंत नेऊन पोचवण्याचं.

मला हे धारावीत कळलं. बाविसाव्या वर्षी कोल्हापूर सोडून मी तिथल्या एका बॅगांच्या कारखान्यात फवारणीच्या हाताला लागलो. घरी वडील चपला करायचे, रापी आणि आरी मला लहानपणापासून माहीत, पण फवाऱ्याची गन कधी हातात धरली नव्हती. मे महिना, पत्र्याखालची खोली, आणि माझा हात वेगानं चालत होता. चाळीस पट्टे एका दिवसात मारले. रंग इतका एकसारखा की मला माझाच अभिमान वाटला. संध्याकाळी उस्ताद आले. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, कोपरा थुंकीनं ओला केला आणि पहिल्याच पट्ट्यावरून पाच-सहा वेळा फिरवला. रुमाल चॉकलेटी. ते एक शब्द बोलले नाहीत, रुमाल माझ्या हातात देऊन गेले. ते चाळीस पट्टे मी पुढचे दोन दिवस स्पिरिटच्या फडक्यानं पुसत बसलो होतो. तेव्हापासून पांढऱ्या फडक्यानं घासून पाहिल्याशिवाय माझ्याकडून एकही वस्तू बाहेर गेलेली नाही.

म्हणून माझा सल्ला असा. पूर्ण रंग एअरब्रशनं द्यायचाच नाही. मधला फिका रंग हातानं, लोकरीच्या बोळ्यानं किंवा जुन्या सुती बनियनच्या घडीनं द्या. तो खोल उतरतो. एअरब्रश फक्त कडांच्या गडद छटेसाठी ठेवा. यानं दोन गोष्टी साधतात. कातडं वाकलं, घासलं गेलं, तरी आतून पांढुरकी रेघ डोकावत नाही. आणि एअरब्रशला काम थोडं उरतं, पहिल्या हाताला झेपेल एवढं.

पण त्याआधी ते डाग.

निळे-काळे डाग रंगाखाली झाकले जातील असं समजू नका. फिक्या रंगातून ते मळक्या सावल्यांसारखे वर दिसत राहतात. ते का पडले हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात जो तुरट अर्क असतो, त्याला ओलाव्यात लोखंड भेटलं की काळं होतं. कलमकारीवाले हिरडा आणि लोखंड यांच्यावरच त्यांचा काळा रंग काढतात. तुमच्या ओल्या कातड्यात सिकेटरचं पोलाद रात्रभर होतं, म्हणजे नकळत तुम्ही तोच रंग तयार केलात. उपाय घरात आहे, लिंबू. एका लिंबाचा रस अर्धी वाटी पाण्यात घाला, फडकं बुडवून पिळा आणि म्यानाच्या अख्ख्या दर्शनी बाजूवरून फिरवा. फक्त डागावर लावाल तर तिथे उजळ ठिपका पडेल आणि तोही रंगात दिसेल. डाग तुमच्या डोळ्यांदेखत फिका पडायला लागतो. पाच मिनिटांनी साध्या पाण्याच्या फडक्यानं दोनदा पुसून घ्या आणि सावलीत सुकू द्या. जुना, खोल डाग राहिलाच तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. पुढचं म्यान करताना सिकेटरला आधी स्वयंपाकघरातला चिकटणारा प्लॅस्टिकचा पातळ कागद दोन-तीन वेढे गुंडाळा, म्हणजे हा प्रश्नच येणार नाही.

सुकवताना घाई नको. तुमच्याकडे श्रावण चालू असेल, हवेत ओल आहे, तेव्हा पूर्ण दोन दिवस धरा. उन्हात मुळीच ठेवू नका. सालीवर कमावलेलं कातडं उन्हानं तांबूस होतं, आणि एका बाजूला ऊन लागलं तर रंग देण्याआधीच दोन छटा तयार होतात.

आता दुसरी तपासणी, जी सगळेजण विसरतात. शिवणीच्या आधी कडा चिकटवायला तुम्ही सोल्युशन वापरलं असेलच. त्याचा बोटभर डाग दर्शनी बाजूला राहिला तर रंग तिथे बसणार नाही. कोरड्या कातड्यावर तो डाग दिसत नाही, म्हणून एक युक्ती करा. स्वच्छ फडकं स्पिरिटमध्ये किंचित ओलं करून म्यानावरून एकदा फिरवा. जिथे ओल पसरत नाही, चकचकीत राहते, तिथे सोल्युशन किंवा हाताचं तेल आहे. सोल्युशनचा डाग सुकलेल्या सोल्युशनच्याच गोळ्यानं घासला की लाटी होऊन निघतो. खोडरबरासारखा वापरायचा. खरवडू मात्र नका, वरचा थर फाटला तर तिथे रंग जास्त पिऊन काळा ठिपका पडेल. यानंतर हातमोजे घालूनच म्यानाला हात लावायचा. घामाच्या बोटाचा ठसासुद्धा रंगात उमटतो.

पायाचा रंग, म्हणजे खालचा फिका थर, असा द्या. फिका तपकिरी, नव्या कोल्हापुरी चपलेच्या आसपासचा, आणि तोही एक भाग रंगाला एक भाग स्पिरिट या प्रमाणात पातळ करून. कातडं आधी स्पंजानं अगदी हलकं दमट करा, टपकेल इतकं नाही. दमट कातडं रंग सावकाश आणि सारखा ओढतं. बोळा गोल गोल फिरवत, न थांबता, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जा. पहिल्या हातात पट्टे दिसतील, घाबरू नका. अर्ध्या तासानं दुसरा हात आडव्या दिशेनं द्या, ते मिसळतात. शिवणीच्या खाचेत रंग साचतो, तिथे बोळा जवळजवळ कोरडा करून फिरवा. मग रात्रभर ठेवा. ओला रंग नेहमी गडद दिसतो, सकाळी तो फिका झालेला दिसेल. तेल लावल्यावर पुन्हा एक छटा गडद होईल. हे चढउतार तुकड्यावर आधी पाहून ठेवा, आणि तुकडा त्याच कातड्याचा हवा. पोटाकडचं कातडं पाठीकडच्यापेक्षा जास्त रंग पितं, म्हणून जमलं तर म्यान जिथून कापलं त्याच्या शेजारचाच तुकडा घ्या.

आणि मग एअरब्रश. तुमच्या संचात बहुतेक दुहेरी ट्रिगर असेल. दाबला की हवा, मागे ओढला की रंग. पहिला अर्धा तास ब्रशवरच्या रंगाच्या कपात फक्त स्पिरिट घालून वर्तमानपत्रावर सराव करा, रंग नाही. हात आधी हलायला लागतो, मग हवा, मग रंग. थांबताना उलट. रंग आधी बंद, हवा चालू, हात पुढे निघून गेलेला, आणि शेवटी हवा बंद. हे बोटात बसलं पाहिजे. ज्याचा हात थांबला आणि रंग चालू राहिला, त्याचा तिथे डाग पडला म्हणून समजा. स्पिरिटचे ओले पट्टे कागदावर सारख्या रुंदीचे यायला लागले की मग रंगाला हात घाला.

कपात गडद तपकिरी घ्या, तोही अर्धा स्पिरिट घालून पातळ केलेला, आणि कपात ओतण्याआधी जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून. ०.३ च्या नोझलमध्ये एक कण अडकला तरी सकाळ जाते. प्रेशर २० ते २५ पौंड ठेवा. तुमच्या कॉम्प्रेसरला काटा असेल, आणि तो ट्रिगर दाबून हवा चालू असताना वाचायचा, बंद असताना आकडा जास्त दिसतो. अंतर चार बोटं ते एक वीत, त्यापेक्षा लांब नाही. आता तुम्ही विचाराल, जवळ धरलं की कोळी पसरतो त्याचं काय? कोळी पसरला तो अंतरामुळे नाही, रंग जास्त सुटल्यामुळे. कातडं पिऊ शकेल त्याहून जास्त रंग पडला की हवा त्या थेंबाला ढकलते आणि त्याला पाय फुटतात. तिथे प्रेशर न वाढवता ट्रिगर कमी ओढायचा. बहुतेक ब्रशना मागे एक स्क्रू असतो, तो आत फिरवला की ट्रिगर ठरावीक हद्दीपुढे ओढलाच जात नाही. पहिल्या दिवशी तो लावूनच काम करा, मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला तो लावायला सांगतो.

मारताना ब्रशचा रोख म्यानाच्या आत नको, बाहेर हवा. म्हणजे झोताचा अर्धा भाग कडेवर पडेल आणि अर्धा कडेच्या बाहेर, खालच्या पुठ्ठ्यावर जाईल. यानं कडेला सर्वात गडद आणि आत येताना आपोआप विरत जाणारी छटा मिळते. झोत म्यानाच्या मध्यावर सुरू करून कडेकडे नेलात तर मध्येच एक गडद पट्टा दिसतो आणि तो काढता येत नाही. म्यान फिरवता यावं म्हणून ते जुन्या चाकाच्या पाटावर किंवा उलट्या परातीवर ठेवा, हात एकाच जागी राहील. एक फेरी, मग दोन मिनिटं थांबा. कातड्यावर प्रत्येक फेरीला अगदी क्षणभर ओलसर चमक दिसली पाहिजे आणि लगेच ती आत शोषली गेली पाहिजे. ही चमक दिसतच नसेल तर तुम्ही पुन्हा भुकटी मारताय, जवळ या किंवा प्रेशर उतरवा. चमक टिकून राहत असेल तर रंग जास्त होतोय. त्या चमकेवर डोळा ठेवा, बाकी काही पाहायची गरज नाही.

किती फेऱ्या? तुम्हाला वाटेल की अजून एक हवी, तिथे थांबायचं. कडा तुम्हाला हव्या त्यापेक्षा थोड्या फिक्या दिसत असताना ब्रश खाली ठेवा, कारण तेल त्यांना गडद करणार आहे. दुसऱ्या दिवशी वाढवता येतं, कमी करता येत नाही.

अडचणी दोन-तीनच येतात. ब्रश थुंकायला लागला, म्हणजे मधूनच जाड थेंब टाकायला लागला, तर सुईच्या टोकावर रंग सुकलेला असतो. स्पिरिटचा बोळा टोकाला लावा, निघतो. स्पिरिटच्या रंगात हे दर काही मिनिटांनी करावं लागतं, वैतागू नका. कपात बुडबुडे यायला लागले तर नोझल सैल आहे किंवा तुंबलं आहे. आणि काम झाल्यावर लगेच, चहालासुद्धा न उठता, कपात स्पिरिट घालून ते स्वच्छ येईपर्यंत मारा, मग ब्रशच्या तोंडावर बोळा धरून हवा उलटी कपात जाऊ द्या. अजून थोडा रंग निघेल. थिनर वापरू नका, आतली रबरी वायसरं फुगतात.

आता सुरक्षिततेचं, आणि हे मी हात जोडून सांगतो. स्पिरिट साधारण १२-१३ अंश तापमानालासुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत दूर जाते. फवाऱ्यानं तुम्ही तीच वाफ खोलीभर करत असता. पडवीत काम करा, दोन्ही बाजू उघड्या. गॅस बंद, डासांची कॉइल नाही, आणि श्रावणात घरात देवापुढे समई तेवत असते, तेव्हा देवघराच्या जवळ अजिबात नाही. कॉम्प्रेसरच्या मोटरमध्ये ठिणगी असते म्हणून तो नळीच्या पूर्ण लांबीइतका दूर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा. तोंडाला साधा कापडी किंवा धुळीचा मास्क चालणार नाही, तो वाफ अडवत नाही. बागेत औषध मारताना वापरता तो कोळशाच्या डबीचा मास्क तुमच्याकडे असेल, पण औषधात वापरलेली डबी घेऊ नका, नवीन लावा. रंग हातमोज्याशिवाय हाताळलात तर नखं आठ दिवस तपकिरी राहतील आणि तो त्वचेतून आत जातो ते वेगळंच. घरात मूल असेल तर त्याला त्या दिवशी शेजारी पाठवा.

रंग झाल्यावर पूर्ण चोवीस तास. मग सुती फडक्यानं घासायला घ्या, जोरात, शिवणीच्या खाचांतही. पहिल्या फडक्यावर रंग येईल, यायलाच हवा, तो वर राहिलेला मोकळा रंग आहे. फडकी बदलत राहा, स्वच्छ फडकं स्वच्छ राहीपर्यंत. मी एका म्यानाला वीस मिनिटं देतो. सासऱ्यांच्या पांढऱ्या कपड्यांचा खरा बंदोबस्त इथे होतो, पुढच्या चकाकीत नाही. स्पिरिटनं कातडं कोरडं पडलेलं असतं, म्हणून नंतर तेलाचा एक हलका हात द्या. नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात ते) मिळालं तर तेच. खोबरेल लावू नका. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि निफाडचा पारा थंडीत पाच-सहा अंशांपर्यंत खाली येतो, म्हणजे डिसेंबरात म्यानावर पांढरट पापुद्रा दिसेल. तेलही बेतानं. जास्त झालं तर कातडं मऊ पडतं आणि तुम्ही मेहनतीनं दिलेला आकार सैल होतो, सिकेटर चालताना बाहेर येतं.

तेल एक दिवस मुरल्यावर वरून ॲक्रिलिकचं फिनिश, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, निम्मं पाणी घालून. हे मात्र एअरब्रशनं सुंदर बसतं, कारण इथे आपल्याला थर वरच हवा आहे. दोन पातळ हात, मध्ये एक तास. आणि शेवटी रुमाल. पांढरा रुमाल ओला करून पिळा, कडेच्या सर्वात गडद जागी तीस वेळा घासा. घामाचं कपाळ पुसल्यावर तोच रुमाल जसा पांढरा राहतो तसा राहिला तर म्यान सासऱ्यांच्या कमरेला जाऊ द्या. थोडा जरी रंग आला तर फिनिशचा अजून एक हात, पुन्हा एक दिवस, पुन्हा रुमाल.

तुम्ही विचारलं नाही, तरी दोन गोष्टी सांगतो. म्यानाच्या तळाला पेन्सिल जाईल एवढं भोक ठेवा. काडीचा भुसा, माती, पाणी तिथून निघून जातं. आणि संध्याकाळी सिकेटर म्यानातून काढून, पुसून, तेलाचा थेंब देऊन वेगळं ठेवा. सालीवर कमावलेलं कातडं हवेतली ओल धरतं आणि ते किंचित आम्लही असतं. रात्रभर आत राहिलेल्या पात्याला गंज चढतो, आणि मग तेच काळे डाग आतून परत येतात.

सासऱ्यांना सांगा, छाटणीला पंधरा दिवस असताना म्यान हातात मिळेल. आजपासून मोजलंत तर लिंबापासून शेवटच्या रुमालापर्यंत आठ-नऊ दिवसांचं काम आहे.

*

प्रश्न : मी चिपळूणचा. पाकिटं आणि पट्टे करतो. एअरब्रशमधून रंगाच्या मध्येच पाण्याचे थेंब येतात आणि कातड्यावर फिके ठिपके पडतात. उन्हाळ्यात हे होत नव्हतं. ब्रश बदलू का?

उत्तर : ब्रश चांगला आहे, हवा ओली आहे. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा ती तापते, पुढे नळीत थंड झाली की तिच्यातलं पाणी सुटतं. चिपळूणच्या जुलैत ते किती सुटत असेल याची मला कल्पना आहे, माझी सासुरवाडी तिथलीच. ब्रशच्या अगदी खाली, नळी जिथे जोडतो तिथे, पाणी अडवणारी छोटी काचेची बाटली मिळते, ती लावा. कॉम्प्रेसरजवळच्या मोठ्या बाटलीवर अवलंबून राहू नका, पाणी तिच्या पुढच्या नळीत तयार होतं. कॉम्प्रेसरला टाकी असेल तर रोज संध्याकाळी तळाचा स्क्रू उघडून पाणी काढा. आणि दहा मिनिटं मारलं की पाच मिनिटं मशीन थांबवा. त्याउपर पावसाचा जोर असेल त्या दिवशी कापायचं, शिवायचं काम घ्या आणि रंग पुढे ढकला. मी कोल्हापुरात तेच करतो.

*

प्रश्न : मी टेक्सासमध्ये ह्यूस्टनला राहतो, मूळचा सांगलीचा. छंद म्हणून पिस्तुलाचं होल्स्टर शिवलं आहे, पांढऱ्या धाग्यानं. एअरब्रश मित्राकडून आणला आहे, पहिल्यांदाच वापरतोय. धागा पांढरा राहायला हवा. आणि आतूनही रंग मारू का? इथे दुकानात ‘आठ ते नऊ औंस’ असं लिहिलेलं कातडं घेतलं, ते बरोबर आहे ना?

उत्तर : जाडीपासून सुरू करतो. एक औंस म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटर, तेव्हा तुमचं कातडं ३.२ ते ३.६ मिलिमीटरचं झालं. होल्स्टरला ते योग्य आहे. फक्त ते सालीवर कमावलेलं असल्याची खात्री करा. क्रोमवर कमावलेलं कातडं ओलं करून आकार धरत नाही आणि त्यातल्या क्षारांनी धातूवर गंज येऊ शकतो. कापलेल्या कडेकडे पाहा. आत निळसर-राखाडी दिसलं तर ते क्रोमचं.

धागा आता शिवून झाला आहे, त्याला पूर्ण पांढरा राखणं एअरब्रशला जमणार नाही. धुकं शिवणीत शिरतंच. मेण लावलेला पॉलिस्टरचा धागा असेल तर त्यावर पडलेला रंग काही मिनिटांच्या आत स्पिरिटच्या काडीनं बराचसा पुसला जातो, पण शेजारच्या कातड्यावर ती काडी लागली की तिथे फिका डाग पडतो. बारीक हात असेल तरच करा. मला विचाराल तर हे होल्स्टर धागा काळसर होऊ देऊन पूर्ण करा. पुढच्या वेळी तुकडे कापल्यावर, शिवण्याआधी रंग द्या, घासून मोकळा रंग काढा, मगच पांढरा धागा घ्या. तरीही ओलं करून आकार देताना थोडा रंग धाग्यात उतरेल हे धरून चाला, म्हणून पूर्ण पांढऱ्यापेक्षा सायीच्या रंगाचा धागा बरा दिसतो.

आतून रंग नको. आतली बाजू खरबरीत असते, मोकळा रंग तिथे घासून काढता येत नाही आणि तो सगळा पिस्तुलावर येतो. एअरब्रशचं धुकं होल्स्टरच्या तोंडातून आत जाऊ नये म्हणून वर्तमानपत्राचा बोळा आत गच्च बसवा. रंग, तेल, फिनिश सगळं झाल्यावर निदान दोन दिवस होल्स्टर उघड्यावर ठेवून वास पूर्ण जाऊ द्या, तोपर्यंत आत काही ठेवू नका. आकार देताना खरं पिस्तूल वापरत असाल तर ते रिकामं असल्याचं दोनदा तपासा. त्यापेक्षा तुमच्याकडे त्याच मापाची प्लॅस्टिकची निळी प्रतिकृती मिळते, तीच घ्या. निफाडच्या ताईंना पडले तसे काळे डागही तिच्यानं पडत नाहीत.